रेघ मारलेलं पान

कुंदे,

तुझ्या तेराव्याला सगळे तुझ्याबद्दल फार चांगलं बोलले. किती हसतमुख, किती टापटिपीची, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. मी पंगतीत भजी वाढत होते आणि मनात म्हणत होते, ही कोण बाई? जिच्याशी मी एकेचाळीस वर्षं भांडले ती ही नव्हे. तू सगळ्यांच्या अध्यातही होतीस आणि मध्यातही. आणि खरंच टापटिपीची असतीस, तर मला हा महिना असा काढावा लागला नसता. मला तुझा भयंकर राग आलाय. रडू येतं तेव्हा मी ते गिळते, कारण आधी भांडण पुरं व्हायला हवं, आणि तू ते अर्धवट टाकून गेलीस.

आधी त्या कंप्युटरचं बोलू.

सोसायटीतलं एक बिऱ्हाड जाताना तुला तो देऊन गेलं होतं. तू म्हणायचीस दिला, मी म्हणायचे टाकला. नवघर रोडवरच्या तुझ्या दोन खोल्यांत तो खिडकीशी बसलेला असे, वर तू विणलेलं क्रोशाचं झाकण. फ्रिज सुरू झाला की तो बंद पडायचा. म्हणून तू कंप्युटर लावायच्या आधी फ्रिजचं बटण बंद करायचीस, मग ते चालू करायचं विसरायचीस, आणि दूध नासायचं. चालू झाला की त्याच्यातली तारीख कितीतरी वर्षं मागे गेलेली असायची. आतला कसलासा सेल संपला होता, तो तू कधी बदलला नाहीस. ‘बरंय की, रोज सकाळी नोकरीत असल्यासारखं वाटतं,’ म्हणायचीस. कीबोर्डचं एक बटण अडकायचं, ते टाचणीनं उचकटायचीस. आणि असल्या खटाऱ्यावर तू तुझं क्रिप्टोचं वॉलेट ठेवलं होतंस. या वयात, गुडघ्याला पट्टा बांधून, कुठल्या कुठल्या चॅनेलवरचे धडे ऐकून.

‘यात नाणी नसतातच गं,’ तू मला समजवायचीस, पहिलीच्या पोराला समजवावं तसं. ‘नाण्यांची नोंद जगभरच्या मशीनांवर असते. इथे फक्त किल्ली. हा डबा उद्या मेला तरी चालेल. बारा शब्द असले की दुसऱ्या कुठल्याही मशीनवर वॉलेट परत उघडतं.’

‘आणि बारा शब्द गेले तर?’

‘मग गेलं सगळं.’

‘बँकेत जाऊन सांगता नाही येत?’

‘बँकच नाही ना यात, शालू. तीच तर गंमत आहे.’

तुला गंमत वाटायची आणि माझा जीव खालीवर व्हायचा. आमच्या ह्यांनी एका ओळखीच्या माणसाच्या योजनेत पैसे घातले होते, ते तुला माहीत होतं. योजनाही गेली आणि ओळखीचा माणूसही. तेव्हा माझ्याकडे येऊन माझ्यासाठी पिठलं-भात करणारी तूच होतीस. तरी तू हे केलंस.

का केलंस तेही मला माहीत होतं, म्हणून जास्त राग यायचा. तुझी लेक मानसी नवऱ्याचं घर सोडून तुझ्याकडे आली आणि तुझ्या लक्षात आलं की ज्या खोल्यांत तू तिला घेतलंस त्या तुझ्या नाहीत. वडिलांनी त्या प्रकाशच्या नावावर केल्या होत्या. तुझा भाऊ बोरिवलीहून कधीही यायचा, बेल न वाजवता स्वतःच्या किल्लीनं दार उघडायचा, कपाटं उघडून बघायचा, ‘माझंच आहे ना’ म्हणायचा. तू एकदा म्हणालीस, ‘मानसीला तिचं स्वतःचं दार हवं, शालू. आतून कडी लावता येईल असं.’ पेन्शनीवर दार येत नाही. म्हणून हे.

वॉलेट सांभाळायचे नियम मात्र तू पक्के पाळायचीस, ते नाकारत नाही. काम झालं की इंटरनेटची वायर उपटून ती साबुदाण्याच्या डब्यात ठेवायचीस. बारा शब्द त्या कंप्युटरवर कधी टाईप करायचे नाहीत, फोनवर त्यांचा फोटो काढायचा नाही, मेलवर पाठवायचे नाहीत. कागदावर लिहायचे. पण तुझ्या घरातला कागद म्हणजे प्रकाशच्या हातातला कागद. म्हणून तू ते शॉर्टहँडमध्ये लिहिलेस.

शॉर्टहँड! आता मुलुंडमध्ये ते वाचणारं कुणी उरलंय का? मी उरलेय. आणि तू मला न विचारता हे धरून चाललीस.

फोर्टातल्या त्या ऑफिसात आपण एकाच आठवड्यात लागलो. दोन स्टेनो, एक पंखा. वर डिसोझाबाई. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, पत्र टाईप झालं, त्याची प्रत जागेवर पोचली, की वहीतल्या पानावर तिरकी रेघ मारायची. त्याआधी मारायची नाही, साहेब डोक्यावर उभे असले तरी नाही. आणि सगळ्या पानांवर रेघा आल्या की वही फाडायची, एकेका पानाचे आठ तुकडे, स्वतःच्या हातानं. त्यात ऑफिसची गुपितं असतात, ती शिपायाच्या हाती जाऊ द्यायची नाहीत. तू रेघ मारायला कधी चुकली नाहीस. फाडायचा मात्र तुला कंटाळा. तुझ्या वह्या नेहमी मीच फाडल्या, आणि फाडताना तुला बोल लावले.

पत्राच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात दोघांची आद्याक्षरं यायची. आधी सांगणाऱ्या साहेबांची, कॅपिटलमध्ये. मग तिरकी रेघ. मग टाईप करणारीची, स्मॉलमध्ये. त्या स्मॉल अक्षरांचा तुला केवढा राग! एकदा तू तुझीही कॅपिटलमध्ये टाईप केलीस आणि पत्र परत आलं, तर डिसोझाबाईंना म्हणालीस, ‘माझं नाव काय लहान आहे?’ मी खाली मान घालून हसत होते. आपलं भांडण झालं की आठवड्याभरात मला तुझं टाईप केलेलं पत्र यायचं, साहेबी इंग्रजीत, विषय आणि संदर्भासकट. ‘विषय: माझ्या आमटीबद्दल आपण काढलेले उद्गार.’ आणि तळाशी रेघेच्या दोन्ही बाजूंना तुझीच अक्षरं, दोन्हीकडे कॅपिटल. सांगणारी तूच, टाईप करणारीही तूच, आणि दोघीही साहेब. ऑफिसनं टाईपरायटर काढून टाकले तेव्हा तुझं मशीन तू घरी आणलंस, ते या पत्रांसाठीच आणलंस असं मी अजून मानते.

आता ती दुपार. आठ महिने झाले तिला. तू वही-पेन्सिल घेऊन माझ्याकडे आलीस. मी चहा केला.

‘शालू, बस. बारा शब्द सांगते, उतरवून घे. एक प्रत तुझ्या घरी राहू दे.’

‘मी नाही पडणार असल्या भानगडीत.’

‘भानगड काय त्यात? माझ्याकडे एकच वही. तो डबा कधी बसेल नेम नाही. मी कधी बसेन त्याचाही नाही.’

‘फिक्स्ड डिपॉझिटमध्ये ठेव म्हणून घसा कोरडा केला मी. तेव्हा ऐकलंस?’

‘ते झालं ना आता. लिही. पहिला शब्द...’

‘कुंदे, मी तुझी स्टेनो नाही.’

मी हे बोलले. कुठून आलं माझ्या तोंडात? अख्खी नोकरी दुसऱ्यांचं ऐकून लिहिण्यात गेली. निवृत्त झाले तेव्हा ठरवलं होतं, आता कुणाचं सांगितलेलं उतरवायचं नाही. पण ते साहेबांसाठी ठरवलं होतं, तुझ्यासाठी नव्हे. पेन्सिल वहीत घातलीस. उरलेला चहा प्यायलीस, कारण टाकायची तुला सवय नव्हती. मग गेलीस.

आठवड्यानं माझ्या लेटरबॉक्समध्ये लिफाफा आला. त्यावर तिकीट नव्हतं. म्हणजे स्वतः येऊन टाकलास आणि जिना चढली नाहीस. नाव टाईप केलेलं, तुझ्या मशीनचा ‘ए’ नेहमीसारखा ओळीच्या वर उडालेला. म्हटलं, आलं पत्र. ‘विषय: आपले उद्धट बोलणे.’ या वेळी वाचायचंच नाही. शिवणाच्या मशीनच्या खणात टाकला आणि खण लावून घेतला.

त्यानंतर मी तुला एकदाच पाहिलं. भाजीवाल्याकडे तू भेंडी मोडून बघत होतीस. मी मागच्या मागे वळले. तू मला बघितलं होतंस का? हे मी आता कुणाला विचारू?

मग थेट मानसीचा फोन. मी आले तेव्हा तुला खाली घेतलं होतं. कपाळावर तीच आठी, रुसल्यासारखी. आयुष्यभर शेवटचा शब्द तुझाच असायचा आणि या वेळी तू काही न बोलता त्याच्यासकट गेलीस. मला हे चालत नाही, कुंदे. अजिबात चालत नाही.

चौथ्या दिवशी मानसी दाखल्यासाठी वॉर्ड ऑफिसात गेली होती. प्रकाश आला, स्वतःच्या किल्लीनं, आणि म्हणाला, ‘वहिनी, ही रद्दी तेवढी हलवा हो. आता खोल्या मोकळ्या करायला लागतील.’ बहिणीला जाऊन चार दिवस झाले होते! त्याच्या हाती तुझं काही लागू नये म्हणून मीच कपाट उघडलं. तुझ्या वह्यांची चळत. चॅनेलवरचे धडे, भाचीला पाठवलेल्या पाककृती, सोसायटीच्या मीटिंगा, सगळं शॉर्टहँडमध्ये, आणि पानापानावर रेघा. मी खाली बसले आणि फाडायला लागले. आजवर फाडल्या तशाच. प्रकाशवर चिडून फाडत होते आणि तुझ्यावरही, की मेल्यावरसुद्धा वह्या मलाच फाडायला लावतेस.

शेवटच्या वहीत एका पानावर एकाखाली एक सुटे शब्द होते, कशाचा कशाशी संबंध नसलेले. हात थरथरायला लागल्यापासून तू तसा सराव करायचीस. मी मोजले नाहीत. मला बारा शब्द आठवायला हवे होते, ते आठवले नाहीत. पानावर रेघ दिसली आणि हात चालला. आठ तुकडे. सगळं सुक्या कचऱ्याच्या पिशवीत भरून मीच खाली गाडीत टाकून आले.

तेराव्याला मंडळी गेल्यावर मानसी माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, ‘मावशी, आई म्हणायची, काही झालं तर बारा शब्द वहीत आहेत, आणि वाचायला शालूमावशी आहे. वही तुझ्याकडे आहे ना?’

आपण बोलत नव्हतो, आणि तू तिला हे सांगून ठेवलं होतंस. वाचायला शालूमावशी आहे.

मी म्हणाले, ‘बघते शोधून.’ खोटं बोलले. कंप्युटर तर आहे ना, असं मनात धरून होते, त्याचा पासवर्ड तिला ठाऊक होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं तो चालू केला. फ्रिज आधी बंद करायचा हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. फ्रिज धडधडला, कंप्युटर बंद पडला, आणि परत लावला तर आतून नुसती टकटक. स्टेशनजवळच्या दुरुस्तीवाल्याकडे आम्ही दोघी तो रिक्षात घालून नेला. म्हातारा माणूस, चष्मा कपाळावर. त्यानं कान लावून ऐकलं आणि म्हणाला, ‘हार्ड डिस्क बसली, ताई. यातनं आता काही निघणार नाही. बॅकअप असेल ना?’ मानसीनं माझ्याकडे बघितलं.

त्यानंतर सहा दिवस मी तिला टाळलं. संध्याकाळी कांजूरच्या कचरा डंपिंगचा वारा सुटला की खिडकी लावून घ्यायचे. तुझ्या लेकीचं दार तिकडे कुठेतरी तुकड्यांत पडलं होतं आणि ते फाडणारे हात माझे होते. तुला शिव्या घालत होते, कारण स्वतःला घालायचं धाडस नव्हतं. एका शब्दानं कळवायचंस ना, या वहीला हात लावू नकोस म्हणून! मग आठवायचं की कळवायला तू आली होतीस.

सातव्या दिवशी दुपारी गेले. मानसी खोक्यात भांडी भरत होती. प्रकाशनं भाडेकरू ठरवला होता, महिनाअखेर खोल्या हव्या होत्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ती भांडी भरायची थांबली.

‘फाडलीस? मला न विचारता?’

‘हो.’

‘तू तर आईची प्रत्येक गोष्ट दोनदा तपासायचीस. तिनं निवडलेले तांदूळसुद्धा परत निवडायचीस. हीच बरी नाही तपासलीस!’ तिचा आवाज चढला, अगदी तुझ्यासारखा. ‘मी आता कुठे जाऊ, मावशी? सांग ना. परत त्याच्याकडे जाऊ?’

‘पानावर रेघ होती गं,’ मी म्हणाले.

‘रेघ होती म्हणजे काय?’

‘रेघ म्हणजे काम झालं. पत्र टाईप झालं आणि प्रत जागेवर पोचली की मगच...’

आणि मी थांबले. पोचल्याशिवाय तू रेघ मारली नसतीस. टाईप केलं असशील तर मशीनवर, कारण कंप्युटरवर तू ते कधीच केलं नसतंस. आणि प्रत घरात ठेवली नसतीस, कारण प्रकाश. मग एकच जागा उरत होती. मानसी विचारत होती, काय झालं, काय झालं. मी तिला चप्पल घालायला सांगितलं.

शिवणाच्या मशीनचा तो खण पावसात फुगून बसला होता. दोघींनी ओढून काढला. लिफाफा दोऱ्याच्या रिळांखाली तसाच. मी तो मानसीच्या हातात दिला, तिनं फोडला. आत एकच कागद, मधोमध एक आणि तळाशी आणखी एक घडी घातलेला. ‘विषय’ नाही, ‘संदर्भ’ नाही, माझ्या उद्धटपणाबद्दल एक अक्षर नाही. बारा शब्द, एकाखाली एक, आकडे घालून. ते कुठले हे इथे लिहीत नाही, तेवढी अक्कल तुझ्याकडून घेतलीय.

मानसीनं फोनवर वॉलेटचं ॲप घेतलं. मी चष्मा पुसला आणि एकेक शब्द सांगत गेले, ती टाईप करत गेली. पाचव्या शब्दाला मी अडखळले तर म्हणाली, ‘मावशी, नीट सांग, चुकलं तर नाही उघडणार.’ बाराव्यानंतर ते गोल गोल फिरत राहिलं. मग ती तशीच जमिनीवर बसली आणि म्हणाली, ‘उघडलं गं.’ किती आहे ते तिचं तिला माहीत. मुलुंडात होणार नाही. पण पुढे कुठेतरी, लांब, एका खोलीचं दार होईल. आतून कडी असलेलं.

ती डोळे पुसून कागद नीट ठेवायला लागली. खालची घडी उलगडली आणि म्हणाली, ‘हे कोपऱ्यात काय आहे? हा तेरावा शब्द नाही ना?’

मी बघितलं. कागदाच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यात, माझी आद्याक्षरं. कॅपिटलमध्ये. मग तिरकी रेघ. मग तुझी, स्मॉलमध्ये.

मूर्ख बाई! आठ महिने, कुंदे! हे तुला दोन जिने चढून येऊन सांगता आलं नाही? मी दार उघडलं नसतं का? रागानं का होईना, उघडलं असतं. लिफाफ्यावर साधं सॉरी तरी टाईप करायचंस, ते मला तो न फोडताही वाचता आलं असतं. आणि मी, तुझी पन्नास पत्रं वाचलेली बाई, हे एक कसं नाही फोडलं? मानसी घाबरली. मी त्या कागदावर ओरडत होते आणि रडत होते, आणि तिला काही सांगता येत नव्हतं. नंतर सांगितलं. ती म्हणाली, ‘म्हणजे आईनं तुला साहेब केलं?’

हे सगळं तुझ्यासाठी मी आधी वहीत उतरवलं, शॉर्टहँडमध्ये, एका बैठकीत. मग तुझ्या मशीनवर टाईप केलं. ते आता माझ्याकडे आहे, मानसीनं दिलं. ‘ए’ अजून उडतो. खाली कोपऱ्यात तुझी अक्षरं कॅपिटलमध्ये टाकलीत आणि माझी स्मॉलमध्ये. काम संपलं, म्हणजे नियमाप्रमाणे आता वहीतल्या पानावर रेघ मारायला हवी. मारणार नाही. प्रत जागेवर पोचलेली नाही.